हजरत इब्राहीमांनी मुलाला विचारलं होतं

खाडीकाठ

बकरी ईद जवळ आली की ऑफिसात, सोसायटीत आणि इथेही ती गोष्ट दोन ओळींत सांगितली जाते. अल्लाहने इब्राहीमांकडे मुलाची कुर्बानी मागितली, ते तयार झाले, ऐन वेळी मुलाच्या जागी मेंढा आला. यात खोटं काही नाही. पण गोष्ट इतकी आखूड केली की तिच्यातली माणसं गळून पडतात. उरतो तो सुरी घेतलेला एक म्हातारा बाप आणि एक मुका मुलगा. तो मुलगा मुका नव्हता, म्हणून हा धागा काढतोय.

कुरआनात हा प्रसंग सूरह अस-साफ्फातमध्ये येतो (३७:१००–१११). उतारवयात, दुआ मागून मागून झालेला मुलगा. तो बापाच्या बरोबरीने कामाला लागण्याएवढा झाला आणि तेव्हाच हे स्वप्न पडलं. हजरत इब्राहीम (अ., म्हणजे त्यांच्यावर सलाम) त्याला म्हणतात, "बाळा, मी स्वप्नात पाहतोय की मी तुला जिबह करतोय. बघ, तुला काय वाटतं?" मुलगा म्हणतो, "अब्बा, तुम्हाला जो हुकूम झालाय तो पार पाडा. इन्शाअल्लाह, मी धीर धरणाऱ्यांपैकी आहे असं तुम्हाला दिसेल." त्यापुढची आयत सांगते की दोघांनीही मान तुकवली. एकट्या बापाने नव्हे, दोघांनी.

हुकूम अल्लाहचा होता. तो सांगितल्यावर मुलाचं मत घेण्याची सक्ती कुणी केली नव्हती. रानात लाकडं आणायला म्हणून नेता आलं असतं, झोपेत उचलता आलं असतं. इब्राहीम (अ.) यांनी जड गोष्ट आधी तोंडाने सांगितली आणि समोरच्याला बोलायला जागा ठेवली. मुलाचं उत्तरही नीट ऐका. मी शूर आहे असं तो म्हणत नाही. धीर टिकला तर तो अल्लाहच्या मर्जीने टिकेल, एवढंच म्हणतो.

आता या बापाचं स्वतःचं लहानपण बघा. कुरआनात त्यांच्या वडिलांचं नाव आजर आहे. घर मूर्तिपूजकांचं. सूरह मरयममध्ये (१९:४२–४८) तरुण इब्राहीम वडिलांशी बोलतात. प्रत्येक वाक्याची सुरुवात "अब्बा" अशी. चार वेळा अब्बा. जे ऐकत नाही, पाहत नाही, त्याची भक्ती तुम्ही का करता? वडिलांचं उत्तर एकच, "थांबला नाहीस तर दगडांनी मारीन, माझ्यासमोरून चालता हो." त्यावर मुलगा काय म्हणतो? "सलाम असो तुमच्यावर. मी माझ्या रबकडे (पालनकर्त्याकडे) तुमच्यासाठी माफी मागेन." आणि घर सोडतो.

या दोन प्रसंगांत काही दशकं आहेत, पण मला ते शेजारी ठेवूनच वाचावेसे वाटतात. ज्याचं त्याच्या बापाने ऐकून घेतलं नाही, तो बाप झाल्यावर मुलाला विचारतो. घरात मिळालेली वागणूक त्याने पुढच्या पिढीकडे ढकलली नाही. मला कुर्बानीच्या आधीची कुर्बानी इथे दिसते : बापपणाचा हुकमी अधिकार त्यांनी आधी सोडला, मग मुलगा सोडायला निघाले.

मधल्या आयुष्यात काय काय सुटलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मूर्ती फोडून मोठी तेवढी शाबूत ठेवली आणि "हिलाच विचारा" म्हणाले, म्हणून लोकांनी आगीत टाकलं. "हे आग, इब्राहीमसाठी थंड आणि सलामती हो" ही आयत (२१:६९) आमच्याकडे पोरांनाही पाठ असते. मग वतन सुटलं. मग पत्नी हाजरा (अ.) आणि त्यांच्या दूधपित्या मुलाला, इस्माईलला, मक्क्याच्या ओसाड दरीत सोडायचा हुकूम झाला.

आणि शेवटी काब्याची, म्हणजे मक्क्यातल्या अल्लाहच्या घराची, उभारणी. सहीह बुखारी या हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या) संग्रहात इब्ने अब्बास यांनी सांगितलेल्या लांब हदीसमध्ये आहे की बऱ्याच काळाने इब्राहीम (अ.) परतले तेव्हा इस्माईल जमजमच्या झऱ्याजवळ झाडाखाली बाण तासत बसले होते. दोघे बापलेकासारखे भेटले. मग वडील म्हणाले, "अल्लाहने मला एक काम सांगितलंय." मुलगा म्हणाला, "मग करा." वडिलांनी विचारलं, "तू मदत करशील?" "करीन." मुलगा दगड आणून देत होता, बाप रचत होता, आणि दोघे म्हणत होते, "ऐ रब, आमच्याकडून हे कबूल कर." इथेही विचारणं आलंच. मुलगा तरणाबांड झाला होता, नाही म्हणू शकत होता.

आपल्यापैकी कितीजण मुलांच्या आयुष्याचे निर्णय त्यांना न विचारता, वर धर्माचं नाव लावून घेतो? लग्न, शिक्षण, मदरसा की शाळा. इब्राहीमी सुन्नत (घालून दिलेली रीत) म्हणून आपण बकरा आणतो, पण "तुला काय वाटतं?" ही सुद्धा त्यांचीच सुन्नत आहे.

अबोली

छान लिहिलंय. मुलाचं उत्तर मला माहीत नव्हतं. आमच्याकडे श्रावणात आजी चिलया बाळाची गोष्ट सांगायची आणि आम्ही भावंडं रडायचो. श्रीयाळ राजाच्या दारी शंकर अतिथी होऊन येतो, पोटच्या पोराचं मांस मागतो. चांगुणा डोळ्यांत पाणी न आणता उखळात मुलाचं शिर कांडते, वर गाणं म्हणते. शेवटी अतिथी म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, मुलाला हाक मार. ती हाक मारते आणि चिलया धावत येतो.

तुमची कथा वाचताना सारखी तीच आठवत होती. पण चिलयाच्या गोष्टीत जीव जातो आणि परत मिळतो, तुमच्या कथेत हात मध्येच थांबवला जातो. आणि चांगुणेच्या गोष्टीचा सगळा भार आईवर आहे. तुमच्याकडे त्या वेळी आई कुठे होती? हाजराला कुणी विचारलं का?

गोदाकाठ

अबोलीताई, फार नेमका प्रश्न. कुर्बानीच्या आयतींत आईचा उल्लेख नाही. पण हाजरा बीबींचं बोलणं वर खाडीकाठ यांनी सांगितलेल्या त्याच हदीसमध्ये आहे, आणि माझ्या मते सगळ्या कथेत त्यांच्याइतकं कुणी ठाम बोललेलं नाही.

इब्राहीम (अ.) त्यांना झाडाखाली बसवून, थोडा खजूर आणि पाण्याची छोटी मशक ठेवून निघाले. मक्क्यात तेव्हा ना वस्ती ना पाणी. त्या मागे मागे गेल्या. "जिथे माणूस नाही, काही नाही, अशा दरीत आम्हाला सोडून कुठे निघालात?" पुन्हा पुन्हा विचारलं. ते वळून बघेनात. शेवटी त्यांनी प्रश्न बदलला, "अल्लाहने हा हुकूम दिलाय का?" ते म्हणाले, "हो." त्यावर हाजरा म्हणाल्या, "मग तो आम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही." आणि परत फिरल्या. नवऱ्याने समजूत काढली नाही, निर्णय त्यांचा त्यांनी केला.

इब्राहीम (अ.) घाटाच्या वळणाशी पोचले, जिथून मायलेकरं त्यांना पाहू शकत नव्हती, तेव्हा ते काब्याच्या जागेकडे तोंड करून उभे राहिले आणि हात उचलून दुआ केली. "आमच्या रब, मी माझी काही संतती तुझ्या पवित्र घराजवळ, पीक न येणाऱ्या दरीत वसवली आहे" (१४:३७). बायकोसमोर वळून बघितलं असतं तर पाय निघाला नसता, असं मला वाटतं.

पुढचं सगळं हाजरांचंच कर्तृत्व. पाणी संपलं, दूध आटलं, लेकरू तडफडायला लागलं. तवक्कुल केला, अल्लाहवर भरवसा ठेवला म्हणून त्या बसून राहिल्या नाहीत. सफा टेकडीवर चढल्या, कुणी दिसेना, उतरल्या, दरीच्या सखल भागातून पदर सावरून धावल्या, मरवा टेकडीवर चढल्या. अशा सात खेपा. मग फरिश्त्याने जमीन उकरली आणि पाणी आलं. तेव्हाही त्यांनी आधी हातांनी पाण्याला बांध घातला. पुढे जुरहुम टोळीचे लोक पाणी पाहून आले तर राहायला परवानगी दिली, पण अट घातली की पाण्यावर तुमचा हक्क चालणार नाही. मक्का शहर अशा रीतीने एका बाईच्या परवानगीने वसलं.

आज हज-उमऱ्याला जाणारा प्रत्येकजण, बादशहा असो की हमाल, सफा-मरवाच्या मध्ये तिच्याच खेपा घालतो. एक खेप साधारण साडेचारशे मीटरची. सखल भागाच्या खुणेला हिरवे दिवे आहेत, तिथे पुरुष पावलं उचलून धावतात. बायकांना तिथे धावायचं बंधन नाही. माझी नानी मुंबईहून जहाजाने हजला गेली होती, तेव्हा जेद्द्याला जहाजं जायची, १९९५ पर्यंत. ती सांगायची, "बायकांच्या वाटचं हाजरा बीबी धावून गेल्या."

वाटसरू

मी देव मानत नाही, हे आधीच सांगतो. वाद घालायला आलेलो नाही, प्रश्न खरा आहे म्हणून विचारतोय.

एका बापाला स्वप्न पडतं आणि तो मुलाच्या गळ्याला सुरी लावतो. ही गोष्ट आदर्श म्हणून लहान मुलांना सांगावी का? मुलगा हो म्हणाला, यावर खाडीकाठ यांनी भर दिलाय. पण ज्या बापावर मुलाचा जीव आहे, त्याने देवाचं नाव घेऊन विचारलं तर मुलगा दुसरं काय म्हणणार? त्या होकाराला मोकळा होकार म्हणता येईल? आणि आज कुणाला असं स्वप्न पडलं तर?

खाडीकाठ

वाटसरू, प्रश्न अगदी रास्त आहे. शेवटापासून घेतो.

आज कुणाला असं स्वप्न पडलं तर त्याने डॉक्टरकडे जावं आणि घरच्यांनी मुलाला त्याच्यापासून लांब ठेवावं. हे मी आधुनिक म्हणून म्हणत नाही, शरियतही हेच सांगते. स्वप्नाने हुकूम ठरतो तो फक्त नबींच्या (पैगंबरांच्या) बाबतीत, कारण त्यांचं स्वप्न ही वही (अल्लाहने पाठवलेला संदेश) असते. आणि नबुव्वत (पैगंबरी) मुहम्मद पैगंबरांवर (स.) संपली. त्यांच्यानंतर कुणाही वलीच्या, पीराच्या किंवा बापाच्या स्वप्नाने हराम गोष्ट हलाल होत नाही. चारही मजहबांत (सुन्नी कायद्याच्या पंथांत) यावर दुमत नाही.

मुलांच्या जिवाबद्दल कुरआनात वेगळे, थेट हुकूम आहेत. "दारिद्र्याच्या भीतीने आपल्या मुलांना मारू नका" (१७:३१). अरबस्तानात मुली जिवंत पुरत, त्याबद्दल सूरह तकवीरमध्ये आहे की कयामतच्या दिवशी त्या पुरलेल्या मुलीला विचारलं जाईल, तुला कोणत्या गुन्ह्यासाठी मारलं? तिला मारणाऱ्याला नाही, तिला विचारलं जाईल.

इब्राहीम (अ.) यांच्या प्रसंगातून जी रीत पुढे चालू राहिली ती मेंढ्याची. मुलाचं रक्त अल्लाहला नको होतं, ते त्याने होऊही दिलं नाही. मेंढ्याच्या बाबतीतही कुरआन म्हणतं की त्याचं मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, तुमचा तकवा (धर्मनिष्ठा) पोचतो (२२:३७).

राहिला होकार. बापासमोर मुलाचं मन पूर्ण मोकळं असतं असा दावा मी करत नाही. पण न विचारता नेणं आणि विचारून नेणं यात फरक मानायचा की नाही? मी मानतो. मुलगा तिथे निदान माणूस म्हणून उभा आहे.

आणि प्रश्न विचारण्याबद्दल आणखी एक. याच नबीने अल्लाहला विचारलं होतं, "रब, तू मेलेल्यांना जिवंत कसं करतोस ते मला दाखव." अल्लाह म्हणाला, "तुझा विश्वास नाही का?" ते म्हणाले, "आहे, पण माझ्या मनाला समाधान लाभावं म्हणून." त्यावर राग नाही, फटकार नाही. चार पक्षी घे, असं सांगून दाखवलं (२:२६०). लूत (अ.) या दुसऱ्या नबीच्या लोकांवर अजाब (कोप) येणार कळलं तेव्हाही इब्राहीम (अ.) अल्लाहशी त्यांच्यासाठी हुज्जत घालायला लागले (११:७४), आणि कुरआन लगेच पुढच्या आयतीत त्यांना सहनशील, कोमल मनाचा म्हणतं. ज्या माणसाने परक्यांसाठी इतकी रदबदली केली, त्याने स्वतःच्या मुलासाठी एक शब्द काढला नाही. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही आणि ते सुटावं असा हट्टही नाही.

वाटसरू

उत्तर आवडलं. होकाराबद्दलचा माझा आक्षेप मात्र कायम आहे. मुलाला विचारलं हे चांगलं, पण अशी वेळ त्याच्यावर आणणाऱ्या देवाचा प्रश्न उरतोच. लूतच्या लोकांसाठी हुज्जत घातल्याचं माहीत नव्हतं. ते वाचतो.

नौगावचा

आमच्या बाजूने थोडं. मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळ अलिबागकडचा. आमच्या तोरा या धर्मग्रंथामध्ये (उत्पत्ती, अध्याय २२) मुलगा इसहाक आहे आणि डोंगर मोरिया प्रांतातला. तिथे अब्राहाम मुलाला आधी काही सांगत नाही. तीन दिवसांची वाट. लाकडं मुलाच्या पाठीवर. वाटेत इसहाक विचारतो, "अग्नी आहे, लाकडं आहेत, पण होमासाठी कोकरू कुठे आहे?" बाप म्हणतो, "देव स्वतः पाहून देईल." आणि दोघे बरोबर चालत राहतात. म्हणजे आमच्याकडे प्रश्न मुलगा विचारतो आणि उत्तर बापाला जड जातं.

पुढच्या काळात आमच्या धर्मगुरूंनाही वाटसरूंचाच प्रश्न पडला असावा. कारण मिद्राश या त्यांच्या भाष्यांमध्ये इसहाक ३७ वर्षांचा, जाणता पुरुष आहे, आणि तोच बापाला म्हणतो, मला घट्ट बांधा. म्हणजे मुलाच्या संमतीशिवाय ही गोष्ट सांगवत नाही, असं दोन्हीकडच्या माणसांना वाटलं.

रोश हशाना या आमच्या नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी सिनेगॉगमध्ये हाच अध्याय वाचतात आणि एडक्याच्या शिंगाचा शोफार वाजवतात, तो इसहाकच्या जागी बळी गेलेल्या, झुडपात शिंगं अडकलेल्या एडक्याची आठवण म्हणून. आमच्या पूर्वजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा चरित्रांवर मराठीत कीर्तनं रचली होती, अगदी आर्या-साकीसकट. माझ्या आजोबांच्या पिढीने ती ऐकली, आता इथे म्हणणारे फार थोडे राहिले.

खाडीकाठ, तुमच्याकडे मुलगा इस्माईल हे कुराणात स्पष्ट लिहिलंय का?

खाडीकाठ

नौगावचा, फार मोलाची भर घातलीत. तुमच्याकडची ती तीन दिवसांची मुकी वाट वाचून गलबलून आलं.

नाही, त्या आयतींत मुलाचं नाव नाही. सुरुवातीच्या मुफस्सिरांत (कुरआनाच्या भाष्यकारांत) दोन्ही मतं होती. तबरींसारखा मोठा विद्वान इसहाक (अ.) म्हणतो, इब्ने कसीर ठामपणे इस्माईल (अ.) म्हणतात. पुढे इस्माईल हेच मत सर्वमान्य झालं. मुख्य आधार असा, की कुर्बानीचा प्रसंग संपल्यावर ३७:११२ मध्ये इसहाकच्या जन्माची शुभवार्ता वेगळी येते. मीही इस्माईलच मानतो. पण इसहाक (अ.) सुद्धा आमचे नबी आहेत, त्यांचं नाव घेतानाही आम्ही सलाम म्हणतो, तेव्हा यावर भांडायला काही कारण नाही.

पंचगंगा

इतका चांगला धागा चाललाय, त्यात व्यवहाराचा मुद्दा आणतोय. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीला महापूर आला आणि बकरी ईद नेमकी १२ ऑगस्टला. आमच्या गल्लीतली निम्मी घरं पाण्यात. आम्ही भावांनी दरवर्षी दोन बकरे करतो ते त्या वर्षी एकच केला आणि दुसऱ्याचे पैसे चादरी-धान्याला दिले. मामांना ते पटलं नाही, म्हणाले कुर्बानीच्या दिवसांत कुर्बानीच करायची, दान वर्षभर आहेच. अजून घरात हा विषय निघतो. जाणकारांनी सांगावं.

गोदाकाठ

पंचगंगा भाऊ, आपण देशावरचे बहुतेक हनफी मजहबाचे. आपल्यात ऐपत असलेल्या प्रत्येकावर कुर्बानी वाजिब (बंधनकारक) आहे आणि तिच्या बदल्यात पैसे देऊन ती फिटत नाही. म्हणून मामांचं म्हणणं मुळात बरोबर. पण ते वाजिब कुर्बानीबद्दल. तुमचा दुसरा बकरा कुणाच्या नावाचा होता? ज्या भावावर वाजिब होती त्याच्या नावाचा असेल तर तो करायला हवा होता. आईवडिलांच्या नावाने नफिल (ऐच्छिक) म्हणून असेल, तर पुरात अडकलेल्यांना पैसे देणं यात मला काही गैर दिसत नाही. आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्या.

खाडीकाठ

आम्ही कोकणातले शाफई मजहबाचे, आमच्यात कुर्बानी सुन्नते-मुअक्कदा (आग्रहाची, पण वाजिब नव्हे) आहे, आणि घरातल्या एकाने केली तरी सगळ्या घराच्या वतीने पोचते. तेवढा फरक. बाकी जनावर आंधळं, लंगडं, आजारी, हडकुळं नसावं, सुरी धारदार असावी आणि ती जनावरासमोर परजू नये, एकासमोर दुसरं कापू नये, हे सगळीकडे सारखंच. यातली शेवटची दोन पथ्यं गडबडीत सर्रास मोडली जातात आणि त्याबद्दल मशिदीत खुत्ब्यात (प्रवचनात) बोललं गेलं पाहिजे.

पंचगंगा

दुसरा वडिलांच्या नावाचा होता, ते वारल्यापासून करतो. म्हणजे नफिल. मामांना हा धागा वाचून दाखवतो.

अबोली

एक शंका राहिली. आमच्या शेजारच्या काकू दरवर्षी विचारतात, तुमच्याकडे वाटा चालेल का? आम्ही मांसाहार करतो, पण कुर्बानीचा वाटा मुसलमानांशिवाय कुणाला देता येतो की नाही, त्या संकोचाने विचारतात असं वाटतं. घ्यायला हरकत नाही ना?

खाडीकाठ

अबोलीताई, काकू हनफी असतील तर काहीच अडचण नाही, त्यांच्यात कुर्बानीचा वाटा बिगर-मुस्लिम शेजाऱ्याला देतात. एक हिस्सा घराला, एक नातेवाईक-दोस्तांना, एक गरिबांना अशी रीत आहे, आणि शेजारी दुसऱ्या हिश्शात येतातच. आमच्या शाफई किताबांत याबद्दल मतभेद आहेत, म्हणून माझी आई शेजाऱ्यांसाठी बाजारातून वेगळं मटण आणून त्याच दिवशी डबा पाठवते, आणि शाकाहारी घरांत सांदणं. काकूंना तुम्हीच आधी सांगून टाका की चालेल, म्हणजे त्यांचा संकोच जाईल.